उंदराचं औषध

माझा दवाखाना नगरमध्ये एका कृषी सेवा केंद्राला लागून आहे. मध्ये फक्त एक जिना. त्यामुळे अधूनमधून एखादा शेतकरी चुकून माझ्याच दारात शिरतो, डोक्यावरची टोपी सारखी करतो आणि विचारतो, "उंदराचं औषध हाय का?"

"आहे," मी म्हणते. "कधीपासून शिंकतोय?"

तो आधी माझ्याकडे बघतो, मग भिंतीवरच्या कुत्र्या-मांजरांच्या तक्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तोवर माझे कंपाउंडर बबनराव पुढे होतात, त्याच्या दंडाला धरतात आणि जिन्यापलीकडे बोट दाखवतात. "पाहुणे, मारायचं तिकडं मिळतं. इथं जगवायचं मिळतं."

पाहुणे गेले की बबनराव मला झापतात. "म्याडम, त्याचं पोतंच्या पोतं हरभरा उंदरांनी फोडलेला असतो, आन् तुमी त्याला शिंका काय इचारता?"

बबनरावांचं बरोबर आहे. शेतकरी विरुद्ध उंदीर अशा भांडणात मी उंदराच्या बाजूची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या जिवाला माणसाने हौसेने पिंजऱ्यात ठेवलं, त्याच्या श्वासाची जबाबदारी त्या माणसाची. पळून जायची वाट आपण बंद केलेली असते. निदान हवा तरी चांगली द्या!

हे वाक्य वाचताना कुणाला पत्रक वाचल्यासारखं वाटलं, तर त्यात आश्चर्य नाही. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि आमच्या घरात कुठल्याही अन्यायावर पहिला उपाय म्हणजे पत्रक काढणे. टँकर आला नाही, काढा पत्रक. शाळेने फी वाढवली, काढा पत्रक. मी अक्षरं पत्रकांवरूनच शिकले. मला स्वतःहून वाचता आलेला पहिला शब्द 'निषेध' होता, असं आई अजून पाहुण्यांना सांगते. पुढे मी पशुवैद्य झाले, पण खोड गेली नाही. दवाखाना उघडल्यावर पहिल्याच वर्षी मी पाळीव उंदरांच्या बाजूने एक पत्रक छापून आणलं. ठळक अक्षरांत मथळा होता : 'धूर हा पिंजऱ्यातला शत्रू आहे!' खाली धूळ, उदबत्ती, डास मारायची कॉइल, फोडणीचा ठसका आणि न धुतलेला पिंजरा यांच्यावर स्वतंत्र हल्ले. गठ्ठा काउंटरवर ठेवला. बबनरावांनी एक उचलून नीट वाचलं आणि परत ठेवलं.

"चांगलं लिवलंय. पण उंदरांना वाचता येत न्हाई."

माणसंही नेत नव्हती. गठ्ठा तसाच राहिला.

आता थोडं या कामाविषयी. पाळीव उंदीर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चोर नव्हे. हा पांढरा किंवा ठिपक्यांचा, अंगठ्याएवढा, माणसाच्या हातावर बसून दाणे खाणारा प्राणी. लोक तो दुकानातून मुलांसाठी आणतात. मुलांची हौस फिटते आणि उंदीर घरातल्या मोठ्या माणसांच्या गळ्यात पडतो. तो आजारी पडतो तो बहुधा छातीनेच. यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फुप्फुसात एक जंतू लहानपणापासून मुक्कामाला असतो. एरवी गप्प बसतो. हवेत धूळ-धूर झाला, गारठा पडला, पिंजऱ्यातल्या मुताचा उग्र वास साठला की उठतो. मग शिंका सुरू होतात, नाकाच्या कडेला तपकिरी लाल डाग दिसतो, केस विस्कटतात, पाठीला कुबड येतं, खाणं कमी होतं. औषधाने हा जंतू घर सोडून जात नाही, फक्त पुन्हा झोपतो. म्हणून मी कधी 'बरा झाला' म्हणत नाही. 'सध्या ठीक आहे' म्हणते.

त्यात हा प्राणी दुखणं लपवतो. जंगलात जो अशक्त दिसतो त्याला आधी खातात, हे त्याच्या रक्तात आहे. तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं नाटक करतो आणि नाटक संपतं तेव्हा माझ्याकडे आणायलाही वेळ उरत नाही. कॉलेजातली एक मुलगी ओढणीत गुंडाळून उंदीर घेऊन आली होती. दवाखान्याच्या पायरीशी रिक्षा थांबली तेव्हा तो गेलेला होता. "सकाळी तर दाणे खात होता हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. असे बरेच गेले. त्यांच्यासाठी मी काही करू शकले नाही, आणि ते मला अजून लागतं.

एका दुकानदाराशी मात्र मी कडाडून भांडले. त्याने काचेच्या माशांच्या टाकीत उंदरांची पिल्लं दाटीने भरली होती. वरून फळी. सगळी शिंकत होती. "गिऱ्हाईक घरी नेतं आन् तिथं आजारी पाडतं, म्याडम. माझ्याकडं माल चोख," तो म्हणाला. मी फळी काढली. "नाक घाला आत." तो हसला. "घाला ना! ती दिवसरात्र त्यात आहेत, तुम्ही एक श्वास घ्या." दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे त्याला घालावंच लागलं. डोळे पुसतच वर आला. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा टाकीच्या जागी जाळीचे पिंजरे होते. आम्ही आजही एकमेकांशी बोलत नाही. पण पिंजरे जाळीचे आहेत.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो सरूमावशींच्या बाळ्याने.

सरूमावशी मूळच्या जामखेडकडच्या. आता केडगावात एकट्या राहतात. काम बाळंतिणींचं : आईला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं आणि मग धुरी द्यायची. मुलाची नोकरी चाकणला लागली. तो बायको-मुलीला घेऊन गेला आणि मुलीचा उंदीर "दोन दिवस सांभाळ" म्हणून आईकडे ठेवून गेला. ते दोन दिवस काही संपले नाहीत.

त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात भोकं पाडलेला डबा होता. डब्यात तान्ह्या बाळाचं टोपडं आणि टोपड्यात पांढरा उंदीर.

"ह्यो बाळ्या," त्या म्हणाल्या. "वाळायला लागलाय. ताकदीचं कायतरी द्या. बाकी गडी एकदम चांगला हाय. बोलतो बी."

"बोलतो?"

"व्हय तर! सांजंला कामावरनं आले, दिवा लावला, की ह्याचं सुरू. टिक टिक टिक. मी म्हनते, आले रे बाळ्या, आले. की परत टिक टिक. आदी न्हवता बोलत. सून-पोरगा गेल्यावर बोलाय लागला. त्याला कळतं, म्हातारी एकटी हाय."

मी बाळ्याला मुठीत घेतलं. स्टेथोस्कोपचं तोंड रोग्यापेक्षा मोठं असतं, म्हणून मी उंदीर सरळ कानाला लावते. पूर्वी लोक घड्याळ चालू आहे का ते कानाला लावून बघत, तसं. दर श्वासाला आतून बारीक टिक ऐकू येत होती. श्वास आत, टिक. श्वास बाहेर, टिक.

निरोगी उंदीर आपसात बोलतात, पण इतक्या बारीक आवाजात की माणसाच्या कानाला तो पोचत नाही. आपल्याला ऐकू येतं ते त्यांचं आजारपण. हे मी कॉलेजात शिकले होते. ते समोर बसलेल्या बाईला कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मावशी, हे बोलणं नाही. याच्या छातीत कफ साठलाय. श्वास त्यातून जाताना आवाज होतो."

त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "तुमच्याशी न्हाई बोलला म्हनून व्हय?"

बबनराव कपाटाकडे तोंड करून खोकले.

"औषध दिलं तर काय हुईल?" मावशींनी विचारलं.

"कफ सुटेल. आवाज बंद होईल."

"बंद?"

"हो. तसाच व्हायला हवा."

त्यांनी टोपडं पुढे ओढलं. "मंग नगं औषध. टाका त्याला हिकडं."

त्याच वेळी मला त्या टोपड्याचा वास आला. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग. "मावशी, याला धुरी देता?"

"मंग? शिंकत हुता ना. रोज सांजंला निखाऱ्यावर चिमटभर टाकते आन् टोपली झाकून धरते. लेकराला देते तशीच."

झालं. माझ्यातला छापखाना सुरू झाला. मी पत्रक उचललं, त्यांच्यापुढे धरलं आणि धुराविरुद्धचे माझे सगळे मुद्दे एका दमात सांगितले. मावशींनी पत्रक लांब धरलं आणि मोठ्याने वाचलं, "धूर हा पिंजऱ्यातला शत्रू आहे." मग मान वर केली. "म्हंजी शत्रू मी?"

"तुम्ही नाही, धूर."

"धूर काय आपला आपला येतो? निम्म्या केडगावची लेकरं ह्या हातावर वाढली. कुनाच्या आईनं मला शत्रू म्हनलं न्हाई." त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

माझ्याकडे उत्तर होतं. त्या लेकरांच्या धुरीबद्दलही माझं एक पत्रक तयार होतं. पण झाकण लागत होतं, आणि झाकणाखाली बाळ्या होता. तो असाच घरी गेला असता तर दिवा लावल्यावर काही दिवस टिक टिक करून एके सकाळी थांबला असता. मुद्दे माझे बरोबर होते, आणि माझ्या बरोबर असण्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

मी काचेची बरणी पुढे केली. छोट्या प्राण्यांना ऑक्सिजन द्यायला मी ती वापरते. "मावशी, नेऊ नका म्हणत नाही. फक्त जाण्याआधी एकदा याला यात ठेवून बघा. हे तुमच्याकडचं दोन महिन्यांचं लेकरू आहे असं समजा. तोंड बघू नका. पोट बघा."

कुरकुरत त्यांनी बाळ्याला बरणीत सोडलं, पदराने चष्मा पुसला आणि वाकल्या.

बाळ्या कुबड काढून बसला होता. दर श्वासाला त्याच्या कुशी आत खेचल्या जात होत्या आणि सबंध अंग हलत होतं.

मावशींचा हात तोंडावर गेला. "आगं माय! ह्याचं पोट उडतंय की!"

तान्ह्या बाळाचा श्वास अडला की बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि पोट भात्यासारखं हलतं. त्याला आमच्याकडे पोट उडणं म्हणतात. हा शब्द ऐकला की घरात पळापळ होते. मी इतका वेळ कफ, फुप्फुस आणि जंतू सांगत होते. खरं तर एवढाच शब्द पुरे होता.

"असलं लेकरू असलं तर मी त्याला पानी लावत न्हाई," मावशी म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "आईला म्हनते, बाई, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. आन् ह्याला मी धुरी देत बसले." मग त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली. "द्या औषध. न्हाई बोलला तर न्हाई बोलला."

बबनरावांनी ऑक्सिजनची नळी लावली. कुशींची ओढ जरा कमी झाल्यावर सोनाराकडे असतो तसल्या नाजूक काट्यावर बाळ्याचं वजन केलं. या रोगावर आम्ही सहसा दोन औषधं एकत्र देतो आणि ती वजन बघूनच द्यावी लागतात. एक थेंब जास्त झाला तरी एवढ्या जिवाला तो भारी पडतो. सुईशिवायच्या बारीक पिचकारीने ओठाच्या कडेला थेंब सोडायचा, तो गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की औषध श्वासात जातं.

"दुधातनं देऊ का? गुटी देते तसं?"

"दुधातून अजिबात नको, त्यातल्या एका औषधाचा जोर जातो. कुस्करलेल्या केळ्याचा कणभर लावा."

पहिला थेंब मी दिला, तेव्हा बाळ्याने चावून माझं बोट फोडलं. दुसरं औषध मावशींनी दिलं. खुर्चीवर बसून पाय लांब केले, नडग्यांवर टोपडं पसरलं, त्यात त्याला उताणा धरला आणि हनुवटीखाली बोट ठेवलं. गड्याने मुकाट गिळलं.

पिंजऱ्यात काय घालता, असं विचारल्यावर कळलं, वखारीतला भुसा. म्हणजे धुराच्या जोडीला लाकडाची धूळ. मी म्हटलं, भुसा बंद, कागदाच्या पट्ट्या फाडून घाला आणि रोज बदला. मावशींची नजर काउंटरवर गेली.

"ह्ये चालंल का?"

माझ्या पत्रकांचा गठ्ठा. एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी, कागद मऊ. नाही म्हणायला कारण सापडेना.

"चालेल," मी म्हटलं.

त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला. बबनराव माझ्याकडे बघत नव्हते. फार प्रयत्नाने बघत नव्हते.

त्यानंतर फोन सुरू झाले. आज दाणा खाल्ला. आज न्हाई खाल्ला. आज टिक टिक जरा कमी हाय. आज परत वाढली, पट्ट्या ओल्या हुत्या, बदलल्या. धुरी बंद होती, शेगडी अंगणात गेली होती, शेजारणीची डासांची कॉइलही मावशींनी भांडून बंद करवली होती. माझ्या पत्रकाने जे झालं नव्हतं, ते मावशींच्या तोंडाने झालं. माझा जीव मात्र टांगणीला होता. कारण हा रोग मधेच सुधारल्याचं दाखवतो आणि फसवतो.

एके सकाळी मी एका कुत्र्याला लस देत होते. बबनरावांनी फोन घेतला. ऐकलं, "बरं मावशी" म्हणाले आणि ठेवला. मग तिथेच उभे राहिले.

"काय झालं?"

"बाळ्या शांत झाला म्हनत्यात."

मी सुई नीट काढली, कुत्र्याच्या मालकाला पुढची तारीख सांगितली आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. आपल्याकडे माणूस शांत झाला म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. मला त्या बाईचं घर दिसत होतं. दिवा लावल्यावर आता तिथे टिकदेखील नव्हती. मी तिला सांगितलं होतं, आवाज बंद व्हायला हवा. झाला होता.

दुपारी दवाखाना बंद करून मी केडगावला निघाले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य पत्रकासारखं होत होतं. बबनराव स्कूटरवर मागे बसले. त्यांच्या मांडीवर पिशवी होती.

मावशींच्या दारात शेंगदाणे भाजल्याचा खमंग वास येत होता. त्या परात घेऊन बाहेर आल्या. "आगं बाई, दोघं बी? या की, बसा. आन् पिशवीत काय आनलंय?"

बबनरावांनी पिशवी पाठीमागे लपवली. पण कापडातून लाकडी मूठ बाहेर आली होती.

"खुरपं?" मावशी म्हणाल्या. "खुरपं कशाला?"

"बाळ्यासाठी," बबनराव खाली बघत पुटपुटले. "म्हनलं, तुमाला खड्डा खनाय जमंल न जमंल."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच फोनवर म्हणालात ना, शांत झाला."

"झालाच की! काल सांजंपासनं टिक न्हाई की टुक न्हाई, निवांत पडून ऱ्हायला." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी परात खाली ठेवली, कपाळावर हात मारला आणि हसत हसत उंबऱ्यावरच बसल्या. "आरं बबन्या! मेल्या! माझ्या जित्या लेकराला पुरायला आलास व्हय रं?"

"तुमी तसं म्हनलात कशाला पन?"

"मंग काय म्हनू? म्याडमच म्हनल्या हुत्या आवाज बंद हुईल म्हनून!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटतं, मीही हसत होते.

पिंजरा खिडकीपाशी होता, स्वयंपाकाच्या कोपऱ्यापासून लांब. आत कागदाच्या पट्ट्यांचं गोल घरटं. वरच्याच पट्टीवर माझ्या ठळक अक्षरांतलं 'शत्रू आहे!' आणि त्याखाली बाळ्या, केस सपाट, नाक स्वच्छ, वेटोळं करून झोपलेला. माझ्या सगळ्या पत्रकांपैकी पूर्णपणे कामी आलेलं हे पहिलं.

"घर लई गप झालंय तसं," मावशी मागून म्हणाल्या. हसणं ओसरलं होतं. "काल दिवा लावला आन् सवयीनं थांबले. कायच न्हाई. मंग मीच सुरू केलं. कुनाच्या घरी पोरगी झाली, कोन रडतं, कोन निजतं, समदं सांगितलं. त्यानं कान हलवले."

मी बाळ्याला उचललं. झोपमोड झाल्याने तो वैतागला, पण मुठीत मावला. त्याला कानाला लावलं. बाहेर बबनराव आणलेलं खुरपं फुकट जाऊ नये म्हणून मावशींच्या दारातली तुळस खुरपत होते, त्याचा आवाज येत होता. लांबून रस्त्यावरचे टेम्पो ऐकू येत होते. माझ्या हातातून मात्र काहीच येत नव्हतं. श्वास आत, काही नाही. श्वास बाहेर, काही नाही.

"काय म्हनतो?" मावशींनी विचारलं.

"काही म्हणत नाही, मावशी."

"गुनाचं लेकरू," त्या म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची परात माझ्यापुढे सरकवली.